एक उन्हाळा आणि एक पावसाळा

राहुरी तालुक्यात कुणी घराचं काम काढलं की भेटणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "मुरूम किती फुटावर लागला?" खोल्या किती, खर्च किती, हे सगळं मागून. मुळा-प्रवरेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन उसाला आणि कांद्याला जितकी मानवते तितकी भिंतीला मानवत नाही. वैशाखात ती अशी तडकते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की तीच जमीन फुगते आणि भेगा मिटून जातात. जुन्या वस्त्यांवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढत गेलेली भेग दिसली की खुशाल समजावं, पाया काळ्यातच थांबलाय, मुरमापर्यंत पोचलेला नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे. राहुरीत माझं छोटं कार्यालय आहे. घरं, गोदामं, कांदाचाळी, कंपाउंडच्या भिंती अशी कामं आम्ही करतो. माझ्याकडे पदविका आहे, पदवी आहे आणि या दोन्हींच्या मध्ये शिकाऊ उमेदवारीचं एक वर्ष आहे, जे बायोडेटात एका ओळीत उरकतं. हल्ली या विषयाला बरे दिवस आले आहेत. इंग्लंडात २०१५ पासून 'डिग्री अप्रेंटिसशिप' सुरू आहे. कंपनीत नोकरी करता करता विद्यापीठाची पदवी घ्यायची आणि फी मुलानं भरायची नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२० साली पदवीच्या अभ्यासक्रमातच अप्रेंटिसशिप बसवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. भाषणांतून तिचे फायदे सांगतात ते ठरलेले: शिकताना चार पैसे मिळतात, नोकरी लवकर लागते, उद्योगाला तयार माणूस मिळतो. खरं आहे सगळं. पण मला झालेला सगळ्यात मोठा फायदा या यादीत मी कधी ऐकला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी त्या वर्षाला गेले ती काही दूरदृष्टी वगैरे नव्हती. २०१२ साली पदविका झाली आणि त्याच वर्षी पावसानं ओढ दिली. म्हातारी माणसं बहात्तरच्या दुष्काळाशी तुलना करायला लागली होती. आमचं घर कांद्यावर चालायचं. थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, पण फी भरायला पैसे नव्हते. वडील म्हणाले, "एक साल दम धर." घरी बसून दम धरण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगमार्फत अर्ज केला. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. मुळात तो कारखान्यातल्या फिटर-टर्नरसाठी. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात पदवी आणि पदविकाधारक अभियंते आले. मला पदविकेचं विद्यावेतन होतं महिना २,५३० रुपये, त्यातले निम्मे केंद्र सरकार देणार. आत्यानं हिशेब केला आणि म्हणाली, "खुरपायला गेलीस तरी जास्त पडतील." तिचा हिशेब चूक नव्हता.

नेमणूक मिळाली कालव्याच्या कामांवर. दुष्काळाचा कालव्यांना एकच उपयोग: आवर्तन नसलं की पाट कोरडे पडतात आणि एरवी पाण्याखाली असलेली दुरुस्ती करता येते. अस्तराचे उचकटलेले भाग काढायचे, मागची माती खोदायची, मुरूम भरून दाबायचा, वर पुन्हा काँक्रीट. शिवाय कालव्याच्या कडेला एक चौकी आणि सामानाची खोली बांधायची होती. साहेबांनी मला टेप आणि वही दिली आणि थोरल्या गवंड्यांच्या हाती सोपवलं. सगळे त्यांना नाना म्हणत. साठी ओलांडलेली, अंगावर पांढरी बंडी, कमरेला ओळंबा. पोरवयात त्यांनी मुळा धरणाच्या भिंतीवर माती वाहिली होती. धरणाच्या गप्पा निघाल्या की पुढाऱ्यांची आणि इंजिनिअरांची नावं येतात. नाना गाढवांची आणि रोलरची आठवण काढायचे. मातीच्या धरणात मातीचा प्रत्येक थर ओला करून, दाबून, मगच वरचा थर घ्यायचा, ही शिस्त त्यांच्या अंगात तेव्हापासून भिनली होती. खोलीच्या पायात मुरूम भरतानाही ते सहा इंचांच्या वर थर घेऊ द्यायचे नाहीत.

काळी माती किती फुगते हे मोजायची एक साधी रीत आहे. पदविकेला ती आम्ही पुस्तकात वाचली होती; जर्नलमध्ये आकडे कुठून आले ते विचारू नका. चौकीच्या पायातली माती मी घरी आणून वाळवली, कुटली, बारीक चाळणीतून चाळली. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग केले. गावच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून शंभर मिलिलिटरची दोन मोजपात्रं उसनी आणली. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल रेशनचं, निळं. दोन्हींत माती सोडून काडीनं हवेचे बुडबुडे काढले आणि चोवीस तास हलवायचं नाही म्हणून चौकीच्या सिमेंटच्या गोण्यांवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती दहा-अकराच्या रेघेवर बसली होती. पाण्यातली विशीच्या आसपास. माती तीच, वजन तेच. मी नानांना समजावलं: या मातीच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून लांब जातात, रॉकेल तिथं शिरत नाही, म्हणून त्यातली माती जशीच्या तशी राहते. नाना बराच वेळ दोन्ही पात्रं पाहत बसले. मग म्हणाले, "मंग पायाला रॉकेलच पाजा की."

हसून झाल्यावर त्यांनी त्यांची रीत दाखवली. खड्ड्याच्या तळातलं ढेकूळ घमेल्यातल्या पाण्यात टाकायचं आणि जेवून यायचं. काळी असेल तर परत येईस्तोवर ढेकळाचा चिखल झालेला असतो. चांगला मुरूम असेल तर ढेकूळ बऱ्यापैकी टिकतं. आकडा नाही, पण खणायचं थांबवायचं की नाही हे कळायला पुरे. माझी परीक्षा एक दिवस घेते आणि आकडा देते, त्यांची जेवणाच्या सुट्टीत होते आणि निर्णय देते. त्या वर्षात दोन्ही वापरल्या.

मोजमाप पुस्तकही तिथंच पहिल्यांदा हाती आलं. सरकारी कामात त्याला सगळे एमबी म्हणतात. पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडायचं नाही, खोडायचं तर एक रेघ मारून सही करायची, खोडरबर चालत नाही. टेपचं एक टोक नानांच्या हातात, दुसरं माझ्या. लांबी, रुंदी, खोली मी वहीत टिपायची, मग कनिष्ठ अभियंते ते तपासून पुस्तकात उतरवायचे आणि वरचे साहेब त्यातली काही मापं पुन्हा स्वतः घेऊन बघायचे. परीक्षेत खोली मीटरऐवजी फुटात लिहिली तर दोन गुण जातात. इथं त्या आकड्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं आणि कित्येक वर्षांनी लेखापरीक्षक तेच पान उघडून प्रश्न विचारू शकतो. माप घेताना ठेकेदाराचा माणूस अगदी सहज गप्पा मारत टेप किंचित ढिला सोडतो, हे कुठल्या प्राध्यापकानं शिकवायचं?

चौकीचा स्लॅब टाकला तो भर उन्हाळ्यात, पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकावर. आताच्या सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा लागतो असं काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं, आणि इथं प्यायच्या पाण्याची मारामार. स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी भरून ठेवायची नेहमीची पद्धत नानांनी बाजूला ठेवली. गोणपाटं शिवून अंथरली, वर जुनं प्लास्टिक, आणि पाणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारायचं म्हणजे उडून जात नाही. दिवस मोजायला मी वहीत रकाना आखला होता. नाना रोज सकाळी गोणपाट उचलून तळहात टेकवून बघायचे.

हे सगळं झालं पण माझ्या मते खरं शिक्षण अजून व्हायचंच होतं. उमेदवारी बारा महिन्यांची असल्यामुळे ते मला मिळालं. सहा आठवड्यांची असती तर मी गोणपाटापर्यंत पोचून घरी गेले असते.

२०१३ च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला आणि भरपूर आला. आमच्या चौकीपासून हाकेच्या अंतरावर एका शेतकऱ्यानं त्याच हिवाळ्यात पंपघर बांधलं होतं. वीट तीच, सिमेंट तेच, गवंडीही ओळखीतला. पाया मात्र तीन फुटांवर, काळ्यातच. पावसाआधी दोन्ही इमारती शेजारी शेजारी सारख्याच देखण्या दिसत होत्या. खरं सांगायचं तर पंपघराची गिलाव्याची सफाई आमच्यापेक्षा सरस होती. उन्हाळ्यात पंपघराच्या भोवतीनं जमीन तडकली. पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला असेल, त्या शेतकऱ्यानं नानांना बोलावलं, दार लागत नाही म्हणून. त्याचं म्हणणं, सुतारानं ओलं लाकूड वापरलं. नानांनी दाराकडे पाहिलंच नाही. ओळंबा काढला आणि चौकटीला लावला. वरच्या टोकाला सूतभर, खालच्या टोकाला जवळजवळ बोटभर फट. चौकट भिंतीसकट कलली होती. बाहेरची ओली माती फुगून कडा उचलल्या होत्या आणि आतली, जोत्याखालची कोरडी, जागेवर होती. मग आम्ही आमच्या चौकीला ओळंबा लावला. सूत सरळ.

मोजपात्रातल्या दोन रेघा मला त्या दिवशी कळल्या. दहा आणि वीस. दहाचं विसावर जाणं म्हणजे न लागणारं दार. ते एक वर्ष सरलं तेव्हा मी एक उन्हाळा आणि एक पावसाळा एकाच इमारतीबरोबर काढला होता. माझ्या म्हणण्याचा गाभा हा इतकाच आहे. काँक्रीटचा ठोकळा अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघता येतो, पण जमिनीचं वागणं बारा महिन्यांचं असतं आणि ते मधे कुठेही तोडून शिकता येत नाही.

गंमत म्हणजे हे आमच्या राहुरीला कुणी सांगायला नको. १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथंच आहे. शेतीच्या पदवीची मुलं शेवटच्या वर्षात एक अख्खं सत्र खेड्यात जातात, ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून त्यांचे फोटो पेपरात येतात, बांधावर उभं राहून बीजप्रक्रिया करून दाखवताना. फोटोंची आपण चेष्टा करतो, पण त्यामागचा विचार पक्का आहे: पिकाला हंगाम लागतो, म्हणून शिकणाऱ्यालाही हंगाम लागणार. बांधकाम त्याच जमिनीवर उभं राहतं, त्याच पावसात भिजतं, पण आमच्या पदवीला हंगाम लागतो असं कुणाला वाटत नाही. पदविकेची मुलं पूर्वी सहा आठवडे साईटवर यायची, आता नव्या अभ्यासक्रमात बारा आठवडे येतात. बारा आठवड्यांत एखादं मूल फुटिंग बघतं, एखादं स्लॅब बघतं. फुटिंग टाकणारं आणि भेग बघणारं मूल सहसा एक नसतं.

मुळात आपल्याकडचं अभियांत्रिकी शिक्षण कामावरूनच सुरू झालं. पुण्यात १८५४ साली जो वर्ग निघाला, ज्याचं पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं, तो सार्वजनिक बांधकामांवर हाताखालची माणसं तयार करायला निघाला होता. इमारती, कालवे, पूल चालू होते आणि माणसं हवी होती. काम आधी, वर्ग मागून. नंतरच्या दीडशे वर्षांत हे उलटं कसं झालं त्याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. मी इथं तेवढ्या खोलात जात नाही.

पण वर्ग नकोच, सगळं साईटवर शिकता येतं, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. तेही बरेच भेटतात. मी २०१३ ला डिग्रीला गेले आणि माती-अभियांत्रिकीच्या तासाला बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं की नानांना काय माहीत नव्हतं. कालव्याच्या अस्तरामागे मुरूम का भरायचा याचं शास्त्र आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलं होतं: न फुगणारा, चिकट मुरमाचा थर ठरावीक जाडीचा दिला तर तो फुगणाऱ्या मातीला दाबून धरतो. ती जाडी माती किती जोरानं फुगते त्यावर ठरते. नाना सगळीकडे एकच जाडी देत आले होते, आणि बहुतेक ठिकाणी ती चालून गेली. शिवाय मुरूम लागेपर्यंत खणायचं हा नियम मुरूम जवळ असेल तिथं ठीक. नदीकाठच्या काही वस्त्यांवर पंधरा-पंधरा फूट काळं लागतं. तिथं मालक खणण्यातच अर्धे पैसे घालवतो नाहीतर कंटाळून तीन फुटांवर थांबतो. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं कितीतरी आधी उपाय काढून ठेवलाय, खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाईल. साधारण साडेतीन मीटरच्या खाली जमिनीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, तिथं तो फुगवटा रुतवून बसवायचा आणि वरच्या बीमखाली थोडी पोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का देणार नाही. हे मला वर्गात मिळालं. फळ्यावर ती आकृती आली तेव्हा शेजारची मैत्रीण ती उतरवून घेत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे न लागणारं दार होतं. पहिलं पाईलवरचं घर मी पदवीनंतर बांधलं तेव्हा नाना ते पाहायला आले होते. बीमखालची पोकळी बघून म्हणाले, "ही उंदराला केली का?"

आता मी स्वतः उमेदवार घेते. इथं कायद्याची एक बाजू सांगायला हवी, कारण बांधकामात ती फार आडवी येते. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, अडीच ते पंधरा टक्क्यांच्या पट्ट्यात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जी. तालुक्याच्या गावातला ठेकेदार कागदावर कधीच तीसच्या वर जात नाही. सेंट्रिंगवाला वेगळा, सळईचा फिटर वेगळा, गवंडी वेगळा, प्रत्येकाची टोळी स्वतंत्र. म्हणजे ज्या व्यवसायात शेतीच्या खालोखाल माणसं राबतात, त्याचा मोठा भाग या कायद्याच्या कुंपणाबाहेरच राहतो. पोर्टलवर नोंदणी, करारनामा, दर महिन्याची हजेरी, हे सगळं करायला छोट्या ठेकेदाराकडे कारकून नसतो. मला ते जमतं कारण माझा एक भागीदार कागदपत्रांत रमणारा आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर घेतला जातो. त्यातला थोडा भाग छोट्या ठेकेदारांना उमेदवार ठेवायला मिळाला तर तालुक्या-तालुक्यात जागा तयार होतील, असं मला वाटतं. ही माझी सूचना, शासनाचा निर्णय नव्हे.

उमेदवार घेताना माझी एकच अट असते: जुलै ते जून, पूर्ण वर्ष. त्यावर मुलं हमखास विचारतात, "मॅडम, तीन महिन्यांत नाही का होणार?" काही पालक तर येतच नाहीत, फोनवर सांगतात की पोरगं पुण्याला क्लास करतंय, नुसतं सर्टिफिकेट द्या. त्यांना मी दुसऱ्या कुणाकडे जायला सांगते आणि ते जातातही, आणि त्यांना मिळतंही.

पहिले तीन-चार महिने उमेदवार हा ठेकेदाराच्या डोक्याला ताप असतो, हे कबूल करायला काय हरकत आहे? त्याच्यामागे एक माणूस लागतो. दिवाळीनंतर चित्र पालटतं. एका मुलाचं सांगते. कॉलममधल्या रिंगांचे हुक १३५ अंशांत आत वळवलेले पाहिजेत, भूकंपात रिंग उघडू नये म्हणून. किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या राज्यात हे आता सगळ्या पुस्तकांत आहे. तरी साईटवर फिटर नव्वद अंशांत वळवून मोकळे होतात. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्यांच्यावर ओरडतो आणि अडाणीपणा म्हणून सोडून देतो. हा मुलगा महिनाभर फिटरांबरोबर बसून रिंगा वळवत होता. त्यानं मला येऊन सांगितलं, "मॅडम, त्यांना माहितीये. पण त्यांचा रेट किलोवर आहे. हुक आत वळवायला वेळ दुप्पट जातो आणि किलो तेवढेच भरतात." कार्यालयात बसून हे मला दिसलं नव्हतं, आणि दोन दिवस भेट देऊन जाणाऱ्या कुठल्याही पाहुण्याला दिसलं नसतं. आम्ही रिंगांचा दर वेगळा काढला. हुक वळायला लागले.

मुलींचं वेगळं. साईटवर संडास नसतो. माझ्या उमेदवारीच्या वर्षात मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, आणि त्याबद्दल कुणाशी बोलायचीही नाही. आता आमच्या प्रत्येक कामावर जोतं यायच्या आधी पत्र्याचा संडास उभा राहतो. मालक कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

उरला कागदाचा प्रश्न. नुसत्या कागदाचं काय होतं ते आमच्या पिढीनं पाहिलंय. नोकरीत असलेल्या कित्येक कनिष्ठ अभियंत्यांनी बाहेरच्या राज्यातल्या अभिमत विद्यापीठांतून पत्राद्वारे पदव्या आणल्या, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अभियांत्रिकी पदव्यांवर बडगा उगारला तेव्हा बढत्या धोक्यात आल्या. मला त्या माणसांचा राग येत नाही. त्यांच्याकडे हात होते, कामाची वर्षं होती. त्या वर्षांचं रीतसर पदवीत रूपांतर करणारा रस्ता त्यांना फारसा कुणी दिला नव्हता. कलकत्त्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई ही परीक्षा होती, नोकरी करत करत रात्री अभ्यास करून सेक्शन ए, सेक्शन बी द्यायचे. ती पास झालेला माणूस कामावर वेगळा ओळखू यायचा. पण २०१३ च्या मे महिन्यानंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी तिची पदवीशी असलेली समकक्षता राहिली नाही, आणि आमच्याकडची तरुण मुलं तिच्या वाटेला जाईनाशी झाली. आता नोकरदारांसाठी संध्याकाळच्या पदवी वर्गांना तंत्रशिक्षण परिषदेनं परवानगी दिली आहे. असा वर्ग तालुक्याच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत निघाला तर माझ्याकडचे दोन सुपरवायझर उद्या नाव घालतील.

सध्या माझ्याकडे एक वाद चालू आहे आणि तो मिटलेला नाही. आमचे सेंट्रिंगचे मिस्त्री बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेले आहेत. दर वर्षी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला घ्यायला ते माझ्याकडे येतात. मंडळाकडून कामगाराच्या मुलांना अभियांत्रिकीच्या पदवीसाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, त्यावर त्यांची थोरली मुलगी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला पोचली. तिला माझ्याकडे वर्षभराची उमेदवारी करायची आहे. मिस्त्री म्हणतात, "ताई, पोरगी ऑफिसात बसू द्या, साईटवर नको. मी उन्हात मेलो ते कशासाठी?" मी त्यांना कायदा सांगितला, २०१९ च्या नियमांनी पदवीधराला किमान ९,००० रुपये ठरवून दिले, त्यात निम्मे सरकारचे, मी वर माझ्या पदरचे घालते. ते म्हणाले, "माझ्या हाताखालचा बिगारी यापेक्षा जास्त नेतो." हाही हिशेब चूक नाही. आत्याचा होता तसाच. पदवीधराला बिगाऱ्यापेक्षा कमी देऊन वर शिक्षणाचे फायदे सांगणं मला दर वेळी जड जातं. मी आकडा आणखी वाढवला, तेव्हा ते थोडे नरमले, पण पैशाचा प्रश्न त्यांचा नव्हताच. त्यांना पोरीला सेंट्रिंगच्या फळ्यांवर चढलेली बघायचं नाही.

शेवटी मुलीनंच तोडगा काढला. जुलैपासून ती येणार, साईटवरच येणार. बापाची अट एवढीच, की ज्या कामावर ते असतील त्या कामावर तिला पाठवायचं नाही. मी लगेच हो म्हणाले. आता अडचण अशी आहे की आमची सध्या दोनच कामं चालू आहेत, एक देवळाली प्रवराच्या बाजूला आणि एक वांबोरीच्या रस्त्याला, आणि दोन्हींचं सेंट्रिंग त्यांच्याकडेच आहे.